अनारशाची जाळी मोजणारा जावई

ताई, नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. सासुरवाडी जेलरोडला. सासरे इथल्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेत, छापलेले कागद तपासायच्या खात्यात होते. आमचं आजवर बरं जमायचं.

गेल्या अधिक महिन्यात त्यांनी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरणाचे धोंडे, ३३ अनारसे, चांदीचं निरांजन, सगळं साग्रसंगीत. जेवणं झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, संध्याकाळची तिकिटं काढलीत सगळ्यांची." सध्या गाजत असलेला मराठी सिनेमा. दोन भाऊ, वाडा, वाटणी. मध्यंतरानंतर बाबांनी रुमाल काढला तो शेवटपर्यंत हातातच होता. (आई नंतर हिला म्हणाल्या, अण्णांची आठवण झाली असेल. बाबांचे थोरले भाऊ दिवाळीच्या आधी गेले.)

परतताना द्वारका चौकात गाडी अडकली. बाबांनी विचारलं, "कसा वाटला?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बटबटीत आहे. कुठे रडायचं ते व्हायोलिन आधीच सांगतं. फाळक्यांच्या गावात राहून आपण असलं काही बघतो. याला एक तरी पुरस्कार मिळेल का, सांगा. उपनगर नाका येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

नंतर वाटलं, चांगला सिनेमा काय असतो ते दाखवावं. पंधरा दिवसांनी ते रविवारी आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा टीव्हीवर 'कोर्ट' लावला. अर्ध्या तासात बाबा घोरायला लागले. मी स्वयंपाकघरात हिला म्हणालो, "रडका असता तर जागे राहिले असते." ते त्यांनी ऐकलं. त्याला आता दोन महिने झाले. फोन हिलाच करतात, येणंजाणं बंद. आईंचा अनारशांचा डबासुद्धा अजून आमच्याकडेच पडून आहे. ही म्हणते, माफी मागा आणि सिनेमा छान होता म्हणून सांगा. ताई, मी खोटं बोलू का? माणसाचं मत वेगळं असू नये का? आणि चांगला सिनेमा, वाईट सिनेमा असं काही नसतंच का मग?

तुमचा,
नावडता जावई, सिडको

*

नावडता जावई,

सिनेमाचं नाव तुम्ही लिहिलं होतंत, मी मुद्दाम गाळलं. छापलं असतं तर पुढचे दोन महिने जावई-सासरे बाजूलाच राहिले असते आणि तो सिनेमा चांगला की भिकार यावरच पत्रांचा ढीग पडला असता. मी पाहिलाय तो. फारसा आवडला नाही. व्हायोलिनचं तुमचं म्हणणं तर शंभर टक्के खरं, वाटणीच्या प्रसंगात धाकट्याने उंबरठ्यावर पाय ठेवायच्या आत ते सुरू होतं. तेव्हा मत चुकलं म्हणून तुम्हाला बोलणारी मी नाही. तुमच्या हातून तीन गोष्टी घडल्या आणि त्यातली एकही मताची नव्हती.

आमच्या ह्यांची अठ्ठावीस वर्षं सातपूरला कारखान्यात गेली, त्यामुळे तुमच्या खात्याची भाषा मला थोडी येते. तुमच्या टेबलावर जॉब, म्हणजे तपासायचा भाग, येतो तेव्हा शेजारी त्याचं ड्रॉइंग असतं. भोक किती मिलीमीटरचं, टॉलरन्स किती, म्हणजे किती कमीजास्त चालेल, सगळं लिहिलेलं. भोक तपासायच्या गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. मग तुम्ही तपासा की तुमच्या हाताखालचा पोरगा तपासो, उत्तर एकच यायला हवं. दोघांची उत्तरं वेगळी आली तर गेज कॅलिब्रेशनला जातो, नाहीतर पोरगा ट्रेनिंगला जातो. दिवसाचे आठ तास ज्या माणसाने ही सवय लावून घेतली, त्याला गाडीतल्या दोघांची उत्तरं वेगळी आली की दोघांतला एक चुकलाय असंच वाटणार. त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही सासऱ्यांना ट्रेनिंगला पाठवायला निघालात! रविवारी दुपारी, जेवणानंतर, 'कोर्ट' लावून!

बरं, तेही आयुष्यभर तपासणीतच होते, तुम्हीच लिहिलंय. प्रेसमध्ये कागदावरचा डाग, सरकलेली रेघ शोधण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला सिनेमातलं डावं-उजवं दिसलं नसेल असं कसं म्हणता? दिसलं असेल. त्या संध्याकाळी त्याला तपासणी करायची नव्हती, इतकंच.

आता पुरस्कारांचं. त्यांचा तुम्ही गेजसारखा वापर केलात म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

'शोले' १९७५ चा. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये त्याला नामांकनं भरपूर मिळाली आणि पुरस्कार मिळाला एकच, संकलनाचा. तो घेतला एम. एस. शिंदे या मराठी माणसाने. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'दीवार'. गंमत म्हणजे दोन्हींचे लेखक तेच, सलीम-जावेद. मग त्या परीक्षकांना सिनेमा कळत नव्हता का? तसं नाही. त्या वर्षी, त्या खोलीत, त्या माणसांना 'दीवार' जास्त पटला. अमेरिकेतही तेच. जगभरचे समीक्षक ज्याला वर्षानुवर्षं डोक्यावर घेत आले त्या 'सिटिझन केन'ला ऑस्करची नऊ नामांकनं होती, बाहुली मिळाली एक, पटकथेची.

आणि एकाच वर्षी दोन खोल्यांत दोन निकाल लागतात ते वेगळंच. २०२४ मध्ये पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. आपल्याकडून ऑस्करला मात्र गेला 'लापता लेडीज', कारण भारताची प्रवेशिका ठरवणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या समितीला तो योग्य वाटला. दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने भांडले. मला दोन्ही आवडले. आमच्या शेजारणीला एकही नाही. तिच्या घरी चहा अजूनही चांगला मिळतो.

राष्ट्रीय पुरस्कारांचंही असंच. निर्मात्याने प्रवेशिका भरलेली असेल तरच सिनेमा परीक्षकांसमोर येतो, त्या वर्षीचं सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, आणि मग मूठभर जाणती माणसं ढीगभर सिनेमे बघून आपसांत बोलून ठरवतात. मला त्या पुरस्कारांबद्दल आदर आहे. त्यांच्यामुळे कितीतरी सिनेमे माझ्यापर्यंत पोचले, नाहीतर नाशकात एक खेळ लागून उतरले असते आणि मला पत्ताही लागला नसता. पण कुणी जाणत्याने "हा बघ" म्हणावं, इतकाच त्यांचा अर्थ. दुसऱ्याचा रुमाल त्यावरून मोजायचा नसतो.

रुमालावरून आणखी एक आठवलं. हे खास तुमच्यासाठी, कारण तुमच्या बोलण्यात 'रडका' हा शब्द शिवीसारखा येतो. आपल्या देशात सिनेमांना राष्ट्रीय पुरस्कार द्यायला सुरुवात झाली ती १९५३ च्या सिनेमांपासून. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक कुणाला मिळालं? अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. त्या वर्षी 'दो बिघा जमीन'ही होता, त्याला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे देशातलं पहिलंवहिलं पदक ज्याला मिळालं, तो सिनेमा बघताना आख्खा महाराष्ट्र हुंदके देत होता! माझी आई सांगायची, थिएटरातून बाहेर पडणाऱ्या बायकांचे पदर पिळून काढता आले असते.

फाळक्यांचं नावही तुम्ही उगाच घेतलंत. ते आपलेच, जन्म त्र्यंबकेश्वरचा, शेवटही १९४४ ला नाशकातच. पण त्यांनी सिनेमे कुणासाठी काढले? हरिश्चंद्र, सावित्री, मारुती. घराघरांत ज्यांच्या गोष्टी पाठ होत्या, त्यांनाच पडद्यावर आणलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके नावाच्या एकाच माणसाने केली होती. तरी लोक त्याच्या पाया पडत, आणि तिकिटांची चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागे अशी गोष्ट सांगतात. तुमच्या गाडीत त्या दिवशी फाळके असतेच, तर तुमच्या बाजूने बोलले असते असं मला काही वाटत नाही.

'कोर्ट'बद्दल मात्र मी तुमच्या बाजूची. अर्थात लगेच झाले नाही. पहिल्यांदा मीही पाऊण तासात उठून दूध तापवायला गेले होते. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, व्हेनिस महोत्सवात दोन बक्षिसं, हे सगळं डोक्यात घेऊन बसले होते आणि वाट बघत होते की ते मोठं काहीतरी आता येईल, मग येईल. तसं काही येत नाही त्यात. कॅमेरा कोर्टाच्या बाकावर बसल्यासारखा एका जागी असतो. दुसऱ्यांदा बघितला तो एका प्रसंगामुळे. सरकारी वकील बाई दिवसभर एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून युक्तिवाद करते, मग लोकलने घरी येते, पाळणाघरातून पोराला घेते आणि स्वयंपाकाला लागते. नवरा टीव्हीसमोर. मी म्हटलं, अगंबाई, ही तर आमच्या मजल्यावरची. त्यानंतर मग सगळंच दिसायला लागलं. बिनबाह्यांचा टॉप घालून आलेल्या बाईची सुनावणी जज पुढे ढकलतो तिथे मी मोठ्यांदा हसले. शेवटाकडे सुट्टीसाठी कोर्ट बंद होतं, एकेक दिवा मालवत जातात आणि आपण त्या अंधाऱ्या खोलीकडे बघत राहतो, तिथे माझ्या पोटात खड्डा पडला.

तेव्हा चांगलं-वाईट असं काही नसतंच का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर 'असतं' असंच आहे. व्हायोलिन आधी वाजतं की नंतर, दिवे मालवल्यावर दिग्दर्शकाला थांबायचं धाडस होतं की नाही, हे बोट ठेवून दाखवता येतं आणि त्यावर रात्रभर भांडताही येतं. भांडा की! "ज्याची त्याची आवड" म्हणून विषय मिटवणारी माणसं मला जरा आळशीच वाटतात. पण "मला रडू आलं" हे काही कुणी मांडलेलं मत नाही. त्यावर तुम्ही 'रिजेक्ट' असा शिक्का कसा मारणार?

आणि तो शिक्का कशावर मारलात ते तुम्हीच पत्रात लिहिलंय, कंसात. अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जड वाटलं ते हे कंसातलं वाक्य आणि तुम्ही ते टाचणीने टोचल्यासारखं लावून पुढे गेलात. दोन भावांचा सिनेमा. थोरला भाऊ दिवाळीच्या आधी गेलेला. घरात वर्षश्राद्धही व्हायचं असेल अजून. त्या माणसाने मुलीला-जावयाला धोंड्याचं जेवण घातलं, वर सिनेमाला नेलं, आणि अंधारात कधीतरी त्याला अण्णा भेटले.

माझी आई दर दोन-तीन महिन्यांनी मॅटिनीला जायची, मला घेऊन. टॉकीजच्या बाहेर भट्टीचे फुटाणे घ्यायची, पुडी माझ्या हातात द्यायची आणि आत जाऊन यथेच्छ रडायची. सिनेमा कुठलाही असो. बाहेर आल्यावर डोळे पुसत म्हणायची, "अगदीच टुकार होता गं." एकदा विचारलं, टुकार होता तर रडलीस कशाला? म्हणाली, "घरात रडलं की चार जण विचारतात, काय झालं म्हणून." तेव्हा मला काही कळलं नव्हतं, फुटाण्यांत लक्ष होतं. वडील फार तापट होते आमचे.

बाबांनी द्वारका चौकात विचारलं, कसा वाटला. माझी खात्री आहे की त्यांना समीक्षण नको होतं. पाच मिनिटांपूर्वी आपण सगळ्यांसमोर रडलो, ते झाकावं म्हणून माणूस काहीतरी विचारतो ना, तसं विचारलं होतं. किंवा अण्णांबद्दल बोलायचं असेल आणि सुरुवात सापडत नसेल. पुरुषांचं हे फार असतं, भावाबद्दल बोलायचं झालं तरी आधी हवा-पाणी, गाडीचं ॲव्हरेज, सिनेमा. तुम्ही "हो बाबा, तो थोरला भाऊ बघताना मलाही..." एवढं अर्धवट म्हणाला असतात तरी पुढचं त्यांनी बोलून टाकलं असतं, आणि जेलरोड येईपर्यंत तुम्हाला अण्णांच्या पाच-सहा गोष्टी कळल्या असत्या. व्हायोलिनचा विषय आठ दिवसांनी काढता आला असता. त्यांनीही मान हलवली असती कदाचित.

शिवाय ते वाण होतं हो. धोंड्याच्या महिन्यात सासरा जावयाच्या पुढ्यात जे ठेवतो, ते देवाच्या पुढ्यात ठेवल्यासारखं. ३३ अनारसे तुम्ही घरी आणलेत. त्यातला एखादा तुपात फसफसून विरघळला असेल, एखाद्याला जाळी पडली नसेल. सासूबाईंना फोन करून सांगितलंत का, अकरा नंबरच्या अनारशाची जाळी स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही म्हणून? तिकिटंही त्याच ताटातली होती.

खोटं बोलायचं का, विचारता. अजिबात नको. सौभाग्यवतींना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचा हा सल्ला घेऊ नका. तीस वर्षं छापलेला कागद तपासलेल्या माणसासमोर तुम्ही "छान होता सिनेमा" ही खोटी नोट चालवायला जाणार? हात लावताच ओळखतील. आणि मग पुढे तुम्ही खरोखरच कशाला छान म्हणालात तरी उजेडात धरून बघतील.

येत्या रविवारी सकाळी जेलरोडला जा. एकटे. हिला मध्ये घालू नका, दोन महिने तिने पोस्टमनकी भरपूर केली. जेवणाच्या वेळेला जाऊ नका, नाहीतर सासूबाईंची धांदल उडेल आणि त्या धांदलीत सगळं विरून जाईल. दहाच्या चहाला जा. सांगायचं ते असं: सिनेमा मला आवडला नव्हता, आजही आवडलेला नाही, पण त्या दिवशी गाडीत पुरस्काराचं बोललो ते आगाऊपणाचं होतं, आणि स्वयंपाकघरातलं तर त्याहून वाईट. इतकंच. 'गैरसमज झाला' म्हणू नका. गैरसमज कुणाचाही झालेला नाही, त्यांनी बरोबर तेच ऐकलं जे तुम्ही बोललात. मग अण्णांचं विचारा. त्यांचा फोटो घरात असेलच, तिथून सुरुवात करा. अण्णा सिनेमे बघायचे का, कुठल्या टॉकीजला जायचे, दोघं भाऊ पळून जाऊन काय बघायचे. मग मात्र तुम्ही तोंड उघडायचं नाही. त्यांनी लहानपणी सात वेळा बघितलेला सिनेमा तुमच्या मते सुमार असला तरी त्या दिवशी तो उत्तम आहे. हे खोटं बोलणं नव्हे, ह्याला गप्प बसणं म्हणतात.

ते लगेच विरघळतील असं समजू नका. पहिल्या दिवशी "बरं" म्हणून पेपर उघडतील. उघडू देत. दोन महिन्यांचा रुसवा आहे, त्यात सासऱ्याचा. आपल्याकडे रुसायचा मान जावयाचा असतो, तो त्यांना घ्यावा लागला म्हणजे किती लागलं असेल बघा.

'कोर्ट' त्यांना पुन्हा दाखवायचाय का? मनातून तुम्हाला दाखवायचाच आहे, मला माहितीय, मीही गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या मागे लागलेय. मग सहा महिने थांबा. त्यांनी आणखी दोन सिनेमे निवडले आणि तुम्ही गुपचूप बघितलेत की तुमची पाळी येईल. आणि तेव्हा लावा संध्याकाळी, चहा झाल्यावर. दुपारी पोटभर वरणभात खाल्ल्यावर व्हेनिसचे परीक्षकसुद्धा घोरले असते. लावण्याआधी पुरस्कारांची यादी वाचू नका. "यातला एक जज बघा, आपल्याकडच्या अमक्या साहेबांसारखा आहे," एवढं म्हणा. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या सिनेमात जे दिसेल ते तुम्हाला आणि मला दिसलेलं नाही, ही माझी पैज. फायली, तारखा, साहेबाची लहर. झोपलेच पुन्हा, तर अंगावर चादर घाला आणि आवाज कमी करा.

जाताना अनारशांचा तो डबा न्या. रिकामा देऊ नका, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. मिठाईही नको, ती लाच वाटेल. मेन रोडवरून पाव किलो चिवडा भरून न्या. मात्र बाबांना हल्ली तिखट चालतं का, ते आधी हिला विचारून घ्या.

तुमची,
ताई